अनेक पथ्यं असलेल्या माणसासाठी वाढदिवसाचा केक: यादीपासून शेवटच्या तुकड्यापर्यंत

पथ्य एकच असेल तर केक मिळवणं फारसं अवघड नसतं. बिनअंड्याचा केक मिळतो, ग्लूटेन-फ्री (गव्हासारख्या धान्यातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेला) केकही मिळतो. गाडी अडते ती दोन-तीन पथ्यं एकत्र आली की. कारण एक पथ्य सांभाळायला जो पर्याय घेतला जातो, तोच दुसरं पथ्य मोडतो. मैदा काढला की बदामाचं पीठ येतं. अंडं काढलं की दही किंवा कंडेन्स्ड मिल्क येतं. दूध काढलं की सोया येतं, साखर काढली की खजूर किंवा मध. प्रत्येक बदल आपापल्या जागी बरोबर असतो आणि तयार झालेला केक मात्र ज्याच्यासाठी केला त्यालाच खाता येत नाही.

दुसरा घोळ क्रमाचा. आधी चव आणि डिझाइन ठरतं, मग ऑर्डर जाते आणि पथ्यांचा विषय शेवटच्या फोनवर, तोही "हां, आणि एक सांगायचं राहिलं" अशा सुरुवातीने निघतो. खालच्या क्रमात ऑर्डर सातव्या टप्प्यावर येते. आधीचे सहा टप्पे गाळून तिथे उडी मारू नका. हातात तीन आठवडे असतील तर सगळं निवांत होतं.

## टप्पा १: यादी थेट त्या माणसाकडून घ्या

सरप्राइझ द्यायचं म्हणून लोक ज्याचा वाढदिवस आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. भाऊ म्हणतो, "तिला दूध चालत नाही." मैत्रीण म्हणते, "अगं, परवा तर तिने पनीर खाल्लं." दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात आणि केकच्या कामाचं एकही उत्तर हाती लागत नाही. सरप्राइझ केकच्या रूपात ठेवा, घटकांत नको. लहान मूल असेल तर त्याचं रोजचं खाणं जो बघतो त्याला विचारा.

प्रत्येक वस्तूबद्दल चार प्रश्न:

- नेमकं काय चालत नाही?
- खाण्यात आलं तर काय होतं, आणि किती आलं तर?
- भाजल्या-शिजवल्यावर चालतं का? तसं डॉक्टरांनी सांगितलंय का?
- बाहेरच्या कोणत्या गोड वस्तू निर्धास्तपणे खाता?

तिसऱ्या प्रश्नाचं कारण असं की दुधाची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना ती वस्तू केकमध्ये नीट भाजली गेल्यावर सोसते, बाकीच्यांना अजिबात नाही. हा निर्णय डॉक्टरांचा. आपण अंदाज बांधायचा नाही.

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त काम तोच करतो. पथ्य सांभाळणाऱ्या माणसाच्या घरी ठरलेलं दूध, ठरलेलं पीठ, ठरलेलं चॉकलेट असतं. ती नावं मिळाली की अर्धी शोधाशोध वाचते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र वरवर घेऊ नका. सारख्याच वाक्याआड वेगवेगळी पथ्यं असतात.

"दूध चालत नाही." लॅक्टोज पचत नसेल तर अडचण दुधातल्या साखरेची आहे आणि लॅक्टोज-फ्री दूध-क्रीम चालू शकतं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर अडचण प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि व्हे यांची. लॅक्टोज-फ्री दुधात ती जशीच्या तशी असतात. या दोन माणसांना एकच केक देणं धोक्याचं आहे.

"गहू चालत नाही." फक्त गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर इतर धान्यांचं विचारून घेता येतं. सिलियाक आजार (ग्लूटेनने आतड्याला इजा होते) असेल तर गहू, बार्ली आणि राय तिन्ही बंद. पाकिटावर "व्हीट-फ्री" लिहिलेलं त्याला पुरत नाही. मैदा, रवा, स्पेल्ट हे सगळं गव्हाचंच. ओट्स ग्लूटेन-फ्री म्हणून प्रमाणित असतील तरच, आणि तेही प्रत्येकाला मानवत नाहीत.

"नट्स नकोत." शेंगदाणा शेंगेतला, बदाम-काजू-अक्रोड झाडावरचे. एकाची अ‍ॅलर्जी असली म्हणजे दुसऱ्याची असतेच असं नाही, काहींना दोन्हींची असते. नावं घेऊन विचारा. नारळ आणि तीळ वेगळे विचारा.

"साखर नको." मधुमेहामुळे की वजनामुळे की नुसतंच नको म्हणून? मधुमेह असेल तर "शुगर-फ्री" ही पाटी निम्मंच सांगते, कारण पिठातल्या कर्बोदकांचीही रक्तात साखरच होते. इन्सुलिन घेणाऱ्या बऱ्याच जणांना साधा केक चालतो. त्यांना एका तुकड्यात किती ग्रॅम कर्बोदकं आहेत हा आकडा हवा असतो.

"व्हीगन हवा." यात मध आणि जिलेटिनही बाद. पण व्हीगन म्हणजे दुधाच्या अ‍ॅलर्जीला सुरक्षित, असं समीकरण मांडू नका. व्हीगन चॉकलेट दुधाच्या चॉकलेटच्याच यंत्रावर बनलेलं असू शकतं.

> तपासा: मिळालेली यादी लिहून त्याच माणसाला परत पाठवा आणि "यात काही राहिलं का?" असं विचारा. या दुसऱ्या फेरीत हमखास एखादी वस्तू निघते.

## टप्पा २: पथ्यांची प्रतवारी लावा

सगळी पथ्यं एका मापाने मोजली की दोन गोष्टी होतात. एकतर केक अशक्य वाटायला लागतो, नाहीतर गंभीर पथ्य आवडीनिवडीच्या गर्दीत हरवतं. एका कागदावर तीन रकाने करा.

पहिला रकाना: अंशही नको. अ‍ॅलर्जी, सिलियाक. इथे घटक बदलून भागत नाही, केक कुठल्या ओट्यावर झाला हेही मोजावं लागतं.

दुसरा: प्रमाणात चालेल. लॅक्टोज, मधुमेह, आतड्याच्या तक्रारींसाठी पाळलेला लो-फॉडमॅप आहार.

तिसरा: नको आहे, पण आजार नाही. "पाम तेल शक्यतो नको", "फार गोड नको".

श्रद्धेने किंवा तत्त्वाने पाळलेलं पथ्य तिसऱ्या रकान्यात ढकलायचा मोह होतो. ते पहिल्यात लिहा. त्याने अंगावर पित्त उठणार नाही, पण नकळत खाऊ घातल्याचं नंतर कळलं तर ते नातं पुन्हा पूर्वीसारखं होईलच असं नाही. अशा वेळी जिलेटिन, किड्यांपासून मिळणारा लाल रंग कार्मिन (लेबलवर ई१२०), चकाकीसाठी वापरलं जाणारं शेलॅक (ई९०४) आणि अर्कांमधलं अल्कोहोल हे चारही तपासा.

पाहुण्यांचं काय, हा प्रश्न इथेच येतो. माझं मत सरळ आहे: वाढदिवसाचा केक वाढदिवस असलेल्या माणसाच्या यादीने चालतो. पाहुण्यांची सगळी पथ्यं एकाच केकमध्ये कोंबायला गेलात तर शेवटी साखरपाण्याचा गोळा उरेल. त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी ठेवा. अपवाद एकच. पाहुण्यांत एखाद्या मुलाला नट्सची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर नट्स मुख्य केकमधूनही काढा. लहान मुलांच्या घोळक्यात कुणाचा हात कुणाच्या ताटलीत जाईल सांगता येत नाही.

आणि उलट बाजूने: सगळ्यांना मोठा सजवलेला केक आणि ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी बाजूला एक सुरक्षित कपकेक, असं करू नका. मेणबत्त्या ज्या केकवर आहेत तो त्याला खाता आला पाहिजे.

## टप्पा ३: काय चालतं यावरून केक ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच गाळला जातो. नेहमीचा केक समोर ठेवून त्यातून एकेक वस्तू वजा करत जाऊ नका. चालणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि तिच्यातून कोणता केक होतो ते बघा.

एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांची मुलगी. सिलियाक, दूध आणि अंडं दोन्हींची अ‍ॅलर्जी, शिवाय काजू-बदामाचीही. वजाबाकी करत गेलं तर असं होतं: मैद्याऐवजी बदामाचं पीठ, पण नट्स आले. बरं, तयार ग्लूटेन-फ्री मिश्रण घेऊ, तर त्यात दूध पावडर. दुसरं मिश्रण घेतलं, पाकिटामागे "तीन अंडी घाला". अंड्याऐवजी दही, पुन्हा दूध. लोण्याऐवजी मार्गारीन, त्यात व्हे. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं.

आता उलट्या बाजूने या. या मुलीला काय चालतं? तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, टॅपिओका स्टार्च, साखर, तेल, कोको, फळं, खाण्याचा सोडा, व्हिनेगर. एवढ्यात चॉकलेट केक होतो! तेल, पाणी, सोडा आणि व्हिनेगरवर फुगणाऱ्या चॉकलेट केकला अंडं-दूध लागतच नाही. त्यात फक्त पीठ बदलायचं. चार पर्याय शोधायचे होते, आता एकच उरला.

पर्याय निवडताना प्रत्येक वस्तू पूर्ण यादीसमोर धरून बघा, ज्या पथ्यासाठी ती आली तेवढ्यासमोर नको. नेहमी फसवणाऱ्या जागा या:

- बिनअंड्याचा केक: दही, कंडेन्स्ड मिल्क, दूध पावडर.
- ग्लूटेन-फ्री केक: बदामाचं पीठ, भरपूर अंडी, कधी ल्युपिनचं पीठ. ल्युपिन शेंगदाण्याच्याच कुळातला, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना तोही बाधतो.
- "नॉन-डेअरी" व्हिपिंग क्रीम: नावावर जाऊ नका. घटकांत सोडियम केसीनेट सापडतं, आणि ते दुधाचं प्रथिन आहे.
- शुगर-फ्री केक: माल्टिटॉल, सॉर्बिटॉल. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. लो-फॉडमॅप पाळणाऱ्याला तर थोड्यानेही. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्याला अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा चालत नाही.
- "नैसर्गिक गोडी": खजूर, मध, अगावे सिरप. मधुमेहात ही साखरच, लो-फॉडमॅपमध्ये तिन्ही बाद. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये.
- डार्क चॉकलेट: घटकांत दूध नसलं तरी अंश असू शकतो. सोया लेसिथिन (ई३२२) बहुतेकांत.
- माल्ट: बार्लीचा. चॉकलेट, क्रिस्पी सजावट, काही सिरप यांत असतो.
- बेकिंग पावडर आणि पिठीसाखर: दोन्हींत स्टार्च मिसळलेला असतो. कशाचा, ते वाचा.

ग्लूटेनही नाही आणि अंडंही नाही, असा केक उंच धरत नाही. मधे बसतो, कापताना भुगा होतो. म्हणून तीन मजली केकचा हट्ट सोडा. पसरट डब्यातला एक थर, नाहीतर कपकेक एकावर एक रचलेले. सजावटीची हौस वरून भागवता येते.

> सावधान: पाकिटावरच्या "यात आहे: ..." या ठळक ओळीवर थांबू नका. त्या ओळीत कायद्याने ठरवलेल्या अ‍ॅलर्जीकारक वस्तूच येतात आणि ती यादी देशागणिक बदलते. युरोपीय संघात त्या १४ आहेत, अमेरिकेत ९ (तीळ तिथे २०२३ पासून आला). तुमची वस्तू त्या यादीत नसेल तर ती फक्त बारीक अक्षरांतल्या घटकांतच सापडेल. आणि "अंश असू शकतो" हा इशारा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असतो. तो नाही म्हणजे अंश नाही, असं होत नाही.

## टप्पा ४: केक कुठून आणायचा ते ठरवा

पहिल्या रकान्यात काहीच नसेल तर चांगला बेकर कुणीही चालेल. थेट पाचव्या टप्प्यावर जा.

पहिल्या रकान्यात एखादी वस्तू असेल तर ती वस्तू स्वयंपाकघरात येतच नाही अशी जागा आधी शोधा. पूर्ण ग्लूटेन-फ्री बेकरी, पूर्ण नट-फ्री बेकरी. अशा जागेला उरलेली पथ्यं जमवायला सांगणं सोपं. नेहमीच्या बेकरीला ग्लूटेन दूर ठेवायला सांगणं कठीण. मैदा उडतो. मिक्सर चालू झाला की तो हवेत तरंगत राहतो आणि सावकाश सगळ्या ओट्यांवर बसतो. "आम्ही वेगळ्या भांड्यात करतो" हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बेकरच्या चाळणीकडे जवळून पाहा: जाळीच्या कडेला, पत्रा दुमडलेला असतो तिथे, धुतल्यावरही पांढरी रेघ राहिलेली असते. तेच लाकडी चमच्याच्या भेगेत, तेच सजावटीच्या फिरत्या पाटाच्या खाचेत. ओव्हनच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होत नाही.

एकापेक्षा जास्त वस्तू पहिल्या रकान्यात असतील तर ज्या वस्तूचं पीठ होतं ती आधी निकालात काढा, म्हणजे गहू आणि नट्स. अंडं, दूध यांसारखी ओली वस्तू भांडी नीट धुऊन, ओटा पुसून आवरता येते. कोरडं पीठ आवरत नाही.

होम बेकर कधीकधी बेकरीपेक्षा बरे पडतात, कारण ते एका वेळी एकच केक करतात आणि दिवसाची सुरुवात तुमच्या केकने करू शकतात. मात्र त्यांच्या घरचा रोजचा स्वयंपाकही त्याच ओट्यावर होतो, हे धरून चाला.

तिसरा रस्ता म्हणजे बंद पाकिटातला तयार केक किंवा मिश्रण. दिसायला साधं, पण घटक छापलेले असतात आणि "ग्लूटेन-फ्री" या शब्दाला कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) मानकाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा असते. तीव्र अ‍ॅलर्जीत मी छापील लेबलला तोंडी आश्वासनापेक्षा वरचं स्थान देते. पाकिटातला केक आणून वर फळं रचली तर कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

## टप्पा ५: बेकरला प्रश्न विचारा, होकार मागू नका

"बिनअंड्याचा, बिनदुधाचा, ग्लूटेन-फ्री जमेल ना?" या प्रश्नाला उत्तर एकच येतं: हो, जमेल. त्यातून काही कळत नाही. ज्या प्रश्नांना हो-नाही म्हणून भागत नाही ते विचारा:

१. पीठ कोणतं वापरता? पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का?
२. अंड्याऐवजी काय घालता? लोण्याऐवजी? क्रीम कोणतं?
३. त्याच दिवशी तिथे आणखी काय काय बनतं? माझा केक कितव्या क्रमांकाला होईल?
४. चाळणी, बीटर, पायपिंग बॅग, टर्नटेबल वेगळं आहे की धुऊन तेच?
५. वर लावायचे रंग, दाणे, फाँडंट (साखरेच्या लगद्याचा थर) यांचे घटक काय?
६. ऐन वेळी एखादी वस्तू संपली तर काय करता?

सहावा प्रश्न विसरू नका. केक ठरल्याप्रमाणे सुरू होतो, नारळाचं दूध कमी पडतं आणि कपाटातलं दुसरं कुठलं तरी दूध आत जातं. बेकरच्या लेखी तो किरकोळ बदल असतो.

उत्तरांपेक्षा सूर ऐका. "एवढंसं चालतं हो", "आजवर कुणाला काही झालं नाही", "सगळं नॅचरलच आहे" यांतलं एकही वाक्य आलं तर आभार मानून फोन ठेवा. याउलट जो म्हणतो, "दूध-अंडं मी टाळू शकते, पण नट्सची हमी देऊ शकत नाही, त्याच ओट्यावर बदाम कापते," त्याचा नंबर जपून ठेवा. तीव्र अ‍ॅलर्जीसाठी नाही, पण बाकी सगळ्यांसाठी विश्वासाचा माणूस तोच.

> तपासा: लेबलांचे फोटो आले की ते वाढदिवस असलेल्या माणसाला किंवा मुलाच्या आईवडिलांना दाखवा. आपल्याला पाच मिनिटांत जे दिसत नाही ते त्यांना पाच सेकंदांत दिसतं.

## टप्पा ६: नमुना मागवा

मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच घटकांचा एक कपकेक पैसे देऊन मागवा. आधी स्वतः खा. कोरडा आहे का, घशाला चिकटतो का, तांदळाच्या पिठाची कचकच लागते का. शक्य असेल तर दुसरा तुकडा दुसऱ्या दिवशी खा, कारण ग्लूटेन-फ्री केक ताजा असताना छान आणि चोवीस तासांत वाळूसारखा होऊ शकतो.

तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर त्या माणसानेही नमुना वाढदिवसाआधीच, घरी, औषध हाताशी ठेवून चाखावा की नाही, हे त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही आग्रह करू नका.

## टप्पा ७: ऑर्डर लेखी द्या

फोनवर ठरलेलं सगळं मेसेजमध्ये उतरवा. तीन भाग पुरे: काय नसावं, काय वापरायचं (ब्रँडसह), आणि "बदल करायचा झाला तर आधी मला फोन, मी नाही उचलला तर बदल नाही." समोरून "ठीक आहे" असं उत्तर येईपर्यंत ऑर्डर गेली असं समजू नका.

सजावट याच मेसेजमध्ये घ्या. घटक तपासून केलेला केक शेवटच्या पाच मिनिटांत सजावटीने बिघडतो. रंगीत दाणे, चॉकलेटची पट्टी, मार्झिपानची फुलं (मार्झिपान बदामाचं), जिलेटिनचा फाँडंट. चमकी असेल तर पाकिटावर "खाण्यायोग्य" लिहिलेलं हवं. "विषारी नाही" एवढंच लिहिलेली चमकी खाण्यासाठी नसते. खरी फुलं लावायची तर खाण्याजोगी, औषध न फवारलेली. मला विचाराल तर नाव लिहा, फळं लावा आणि थांबा.

केक घ्यायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी एक फोन करा. प्रश्न एकच: "सामान आलं का, सगळं ठरलेलंच आहे ना?"

### कुणीच मिळालं नाही तर

घरी करा. वरच्या उदाहरणातल्या मुलीला चालेल असा २० सेंटिमीटरच्या डब्यातला केक असा होतो: तांदळाचं पीठ ११० ग्रॅम, ज्वारीचं ३० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ५० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अर्धा चमचा झँथन गम (पीठ बांधून धरणारी पूड), अर्धा चमचा मीठ, ८० मिलिलिटर तेल, २४० मिलिलिटर पाणी. सोडा आणि व्हिनेगर सोडून सगळं फेटा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे पीठ पाणी पितं आणि कचकच कमी होते. मग चहाचा एक चमचा सोडा चाळून मिसळा, शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर घाला आणि लगेच, अगदी लगेच, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटं. व्हिनेगर घातल्यावर मिश्रण रेंगाळलं तर बुडबुडे निघून जातात आणि केक बसतो. मधोमध टोचलेली काडी कोरडी निघाली की बाहेर. पूर्ण गार होईपर्यंत डब्यातून काढू नका, तुटतो.

पीठं मात्र बंद पाकिटातली आणि ग्लूटेन-फ्री लिहिलेली घ्या. जिथे गहूही दळला जातो अशा गिरणीतलं ज्वारीचं पीठ इथे चालणार नाही. चाळणी आणि चमचा नवे आणा; ओटा, डबा, हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. त्या दिवशी घरात दुसरं काही करायचं असेल तर केक झाल्यावर.

वरून पिठीसाखर आणि कोको थोड्या पाण्यात कालवून ओता. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी याच केकचा हिशेब करायचा तर साखर, पिठं, कोको यांच्या लेबलांवरची कर्बोदकं जोडायची आणि तुकड्यांनी भागायची. वरचा थर धरला नाही तर बारा तुकड्यांत प्रत्येकी सुमारे ३० ग्रॅम येतात.

## टप्पा ८: केक हातात आल्यावर आणि कापताना

घ्यायला जाल तेव्हा डबा उघडून बघा. सजावट ठरलेलीच आहे का? एखादा अनोळखी थर, दाणा, काप? देणाऱ्याला पुन्हा विचारा: "हा नेमका कुणाच्या नावाचा केक?" सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांची अदलाबदल काउंटरवर होते, स्वयंपाकघरात नाही. शंका आली तर तो केक त्या माणसाला द्यायचा नाही, मग कितीही उशीर झालेला असो. या प्रसंगासाठी एक बंद, सुरक्षित पाकीट घरात आणून ठेवलेलं असावं.

कापण्याचा क्रम असा:

१. केक बाकीच्या खाण्यापासून दूर, स्वतंत्र टेबलावर. त्याला स्वतःची सुरी, स्वतःचा कालथा, कोऱ्या ताटल्या.
२. पहिला तुकडा ज्याचा वाढदिवस त्याच्या ताटलीत, आणि आणखी एक झाकून बाजूला. नंतर त्याला पुन्हा हवा झाला तर मधल्या काळात हात लागलेल्या केकमधून द्यावा लागू नये.
३. मग बाकीच्यांना.
४. दुसरा केक असेल तर तो यानंतर, वेगळ्या सुरीने.

भरवण्याचा कार्यक्रम इथेच सगळं घालवू शकतो. बदामाचा केक खाल्लेल्या हाताने प्रेमाने पुढे केलेला घास कुणी नाकारत नाही. एकाने उभं राहून हसत हसत सांगायचं, "आज भरवायचं नाही, ताटलीतून." आधी ठरवलेलं असलं की अवघड जात नाही.

> सावधान: ओठ-घसा सुजणं, आवाज बसणं, श्वास अडकणं, अंगभर पित्त उठून चक्कर येणं यांपैकी काही झालं तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच, आणि लगोलग रुग्णवाहिका. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. इंजेक्शन कुठे ठेवलंय ते घरातल्या किमान दोघांना केक कापण्याआधी माहीत हवं.

उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवू नका, तो तिथे लवकर कडक होतो. वर क्रीम किंवा ताजी फळं असतील तर गोष्ट वेगळी, तो फ्रिजमध्येच जाईल. साधे तुकडे एकेक करून गुंडाळा, वर घटक आणि तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने आरामात टिकतात. पुढच्या एखाद्याच्या वाढदिवसाला त्या माणसाने आपल्या ताटलीपुरता एक तुकडा काढून नेला की त्या घरच्यांचा शोधही वाचतो. घटकांची यादी आणि लेबलांचे फोटो ठेवून द्या, पण पुढच्या वर्षी पाकिटं नव्याने वाचा, कारण कंपन्या न सांगता घटक बदलतात. आणि केकमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) असेल तर उरलेला तुकडा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्याला ते विष आहे.